आधी रोप, मग यंत्र

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'डोंगरी भागात शेतमालाचे क्लस्टर' असा विषय छापला आहे. शब्द भारदस्त आहे. मी मात्र साधा कृषी पदवीधर. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांच्या डोंगरात माझी बरीच वर्षे गेली. मला बांधावर बसून बोलायची सवय, व्यासपीठावरून बोलायची नाही. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

आज दुपारी तुमच्यापुढे एक प्रस्ताव येणार आहे. आपण सर्वांनी दोन वर्षे जमवलेल्या निधीतून डोंगरात आंबा आणि काजूचे प्रक्रिया केंद्र उभे करायचे. पक्की इमारत, यंत्रे, आणि दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची कोनशिला. हा प्रस्ताव मांडणाऱ्यांत माझेही नाव आहे. तरीही मी इथे उभा राहून तुम्हाला विनंती करणार आहे की ही इमारत यंदा बांधू नका. का, ते सांगतो.

माझ्या खिशात ही एक किल्ली आहे. ही एका शेडची किल्ली. बऱ्याच वर्षांपूर्वी मीच आग्रह धरून एका गावात काजू फोडण्याचे छोटे केंद्र काढले. पत्र्याची शेड, बी उकडायला बॉयलर, फोडायला कटर, वाळवायला कपाट. उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. पुढचे दोन हंगाम ते केंद्र कसेबसे चालले. तिसऱ्या वर्षी कुलूप लागले, ते आजतागायत आहे. आत आता गावकरी पावसाळ्यात गवत आणि सरपण ठेवतात.

दोष कोणाचा? यंत्र चांगले होते. लोक कष्टाळू होते. दोष माझा होता, आणि तो कळायला मला फार वेळ लागला.

काजूची बी पिकते मार्च ते मे या महिन्यांत. त्याच वेळी आमची निम्मी माणसे कुठे असतात? दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत, खुडणीवर. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. झाडाखाली पडलेली बी वेचायला हात कमी. वेचलेली बी नीट न वाळवता पोत्यात भरली की तिला बुरशी येते. त्यात आठवडे बाजारात व्यापारी बसलेला. तो भाव कमी देतो, पण पैसे हातावर ठेवतो. आमचे केंद्र भाव जास्त देत होते, पण पैसे गर विकला गेल्यावर, म्हणजे दोन महिन्यांनी. ज्या घरात उद्याचे मीठ-तेल आजच्या पैशावर अवलंबून आहे, तिथे दोन महिन्यांनी मिळणाऱ्या जास्त भावाला काय किंमत? मग आमच्या यंत्राला बी मिळेना. चार पोती आली तरी बॉयलर पेटवावा लागे, आणि चार पोत्यांसाठी तो पेटवणे परवडत नसे. त्यातून वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. मी यंत्र आणले होते. यंत्राच्या आधी आणि नंतर लागणारे काहीच आणले नव्हते.

क्लस्टर म्हणजे काय

क्लस्टर म्हणजे एकाच मालाभोवती, एकाच परिसरात जमलेली कामांची वस्ती. इचलकरंजीचे माग आठवा. एक माणूस सूत आणतो, दुसरा माग चालवतो, तिसरा मागाचा बिघडलेला भाग तासाभरात दुरुस्त करून देतो, चौथा रंगवतो, पाचवा विकतो. इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० साली आपल्या ग्रंथात अशा गावांचा विचार केला. शेफील्ड गावात सुऱ्या-कात्र्या बनत, त्याचेही उदाहरण त्याने दिले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की अशा ठिकाणी धंद्यातली गुपिते गुपिते राहतच नाहीत. लहान मुलेसुद्धा ती नकळत शिकतात, आणि मुख्य धंद्याभोवती त्याला लागणारे छोटे छोटे धंदे आपोआप उभे राहतात.

शेतीतले असे क्लस्टर बघायला आपल्याला परदेशी जायला नको. आमच्या घाटाच्या माथ्यावरून खाली उतरले की नाशिकची द्राक्षे लागतात. तिथे बघा काय काय एकत्र आले आहे. कलमे आणि खुंट तयार करणाऱ्या रोपवाटिका. ठिबकचे आणि औषधांचे दुकानदार. गावोगावी फिरणारे सल्लागार. खुडलेला माल काही तासांत थंड करणारी शीतगृहे आणि पॅकहाउस. उर्वरित अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा. बागायतदारांचा आपला संघ. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन निर्यातीसाठी काढलेली महाग्रेप्स. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. आणि अलीकडे दिंडोरी तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांनीच उभी केलेली सह्याद्री फार्म्स. यातली एकही गोष्ट एकटी उभी राहिली असती, तर माझ्या शेडसारखेच तिला कुलूप लागले असते.

या क्लस्टरची खरी परीक्षा २०१० साली झाली. त्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन तेव्हा नव्हते. कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात बुडाले. ज्यांनी ते रसायन वापरले नव्हते त्यांचाही भाव पडला. पण पुढे काय झाले, ते महत्त्वाचे आहे. ते रसायन तपासणीच्या यादीत आले, बागायतदारांनी फवारणीच्या पद्धती बदलल्या, आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. एकट्या शेतकऱ्याला हे कधी जमले असते? संशोधन केंद्र, प्रयोगशाळा, संघ आणि निर्यातदार एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते, म्हणून जमले. संकट आले तर सगळ्यांवर येते आणि उपायही सगळ्यांनी मिळूनच शोधावा लागतो, हा क्लस्टरचा नियम आहे.

ते हात कोणाचे आहेत

आता एक गोष्ट सांगतो, जी द्राक्षाच्या चर्चासत्रांत क्वचित ऐकू येते. हे क्लस्टर ज्या हातांवर उभे आहे, त्यांतले कितीतरी हात आमच्या डोंगरातले आहेत. दिवाळी झाली की पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरून टोळ्या निघतात. ऑक्टोबरची फळछाटणी, मग फुटी काढणे, घड जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवणे, मण्यांची विरळणी, शेवटी खुडणी. एकराचा उक्ता भाव ठरतो आणि सगळे कुटुंब बागेत उतरते.

आपल्या बालवाडीत शिकलेली एक मुलगी आज तिकडे एका टोळीची मुकादम आहे. मी तिला काम करताना पाहिले. ती घड हातात घेते, एकदा फिरवते, आणि कात्री चालवते. किती मणी ठेवायचे, कुठले काढायचे, मण्याचा आकार पुढे किती होईल, हे तिला बघताक्षणी कळते. मी विद्यापीठात जे पुस्तकातून शिकलो, त्याहून बरेच जास्त तिच्या बोटांत आहे. मी तिला म्हटले, "अगं, एवढी कला हाताशी आहे, ती आपल्या गावात का नाही वापरत?"

ती हसली. म्हणाली, "सर, गावात घड कुठाय?"

त्या एका वाक्याने माझे कुलूप उघडले म्हणा ना. आमच्या लोकांना काम येत नाही, म्हणून ते गरीब आहेत, असे नाही. कामाची सगळी वस्ती दुसऱ्याच्या जमिनीवर आहे. शिकलेले ज्ञान गावात आणले तर त्याला लावायला झाड नाही, पाणी नाही, माल गोळा करणारे कोणी नाही. डोंगरात क्लस्टर उभे करणे म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तयार करणे.

वांसद्याची शिकवण

हे होऊ शकते का? होऊ शकते, आणि आमच्या शेजारीच झाले आहे. मणिभाई देसाई हे गांधीजींबरोबर १९४६ साली उरुळीकांचनला आले आणि तिथेच राहिले. त्यांनी १९६७ साली बायफ ही संस्था काढली. गाईंची पैदास सुधारण्याचे तिचे काम तुम्हाला ठाऊक असेल. याच बायफने १९८२ साली सुरगाण्याच्या सीमेपलीकडे, गुजरातच्या वांसदा तालुक्यात, आदिवासी कुटुंबांबरोबर 'वाडी' सुरू केली.

वाडीची कल्पना अगदी साधी. कुटुंबाच्या स्वतःच्या उतारावरच्या जमिनीतला साधारण एक एकर. त्यात आंबा आणि काजूची मिळून साठेक कलमे. कडेने कुंपणाला आणि सरपणाला जंगली झाडे. कलमे लहान आहेत तोवर मधल्या पट्ट्यात भाजीपाला आणि धान्य. जागा त्यांची, मेहनत त्यांची, संस्थेकडून कलमे, मार्गदर्शन आणि सुरुवातीच्या वर्षांचा आधार.

इथे क्रम लक्षात घ्या. आधी माती आणि पाणी अडवले. मग कलमे लावली. झाडे लागती झाल्यावर गावोगावच्या वाडीधारकांच्या सहकारी संस्था झाल्या. माल जमू लागल्यावर लोणचे, आमरस, काजूगर यांची प्रक्रिया आली. त्यानंतर २००४ साली या संस्थांनी मिळून 'वापकॉल' ही उत्पादक कंपनी काढली आणि 'वृंदावन' या नावाने माल बाजारात आणला. १९८२ ते २००४, म्हणजे बावीस वर्षे. मी माझ्या गावात शेवटची पायरी पहिल्या दिवशी चढायला गेलो होतो.

ही वाडी पुढे आपल्याकडेही आली. नाबार्डने जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीने हा कार्यक्रम १९९५ साली गुजरातेत आणि २००० साली नाशिक व त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात सुरू केला. त्यामुळे आमच्या डोंगरात आज केशर आंब्याची आणि काजूची झाडे आहेत. सुरगाण्याच्या काही गावांनी तर स्ट्रॉबेरी लावून सप्तशृंगी गडाच्या आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकायला सुरुवात केली. म्हणजे सुरुवात झालेली आहे. पुढची पायरी कोणती, एवढाच प्रश्न आहे.

रोप कोणाचे, बियाणे कोणाचे

या विषयाच्या नावात 'जीवशास्त्र' असा शब्द असला की लोकांना पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. आमच्याकडे त्याची सुरुवात रोपापासून होते.

काजूचे झाड बियांपासून लावले तर ते आईसारखे निघेलच असे नाही. म्हणून चांगल्या झाडाची काडी घेऊन कलम करायचे. कोकण कृषी विद्यापीठाने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ असे चांगले वाण दिले आहेत. पण कलम विकत आणले आणि ते भलत्याच झाडाचे निघाले, तर शेतकऱ्याला ते कळते कधी? चार-पाच वर्षांनी, फळ धरल्यावर. तोवर ती वर्षे गेली. स्ट्रॉबेरीचेही तसेच. रोपे महाबळेश्वरच्या बाजूने दर वर्षी विकत आणावी लागतात. रोप महाग झाले किंवा रोगट आले तर हंगाम हातचा जातो. ज्याच्या हातात रोप, त्याच्या हातात धंद्याची लगाम. म्हणून आपल्या गावात, ओळखीच्या मातृवृक्षांवरून, आपल्याच मुलींनी बांधलेली कलमे असणे ही क्लस्टरची पहिली वीट आहे. द्राक्षात कात्री चालवणारी बोटे कलम बांधायला आठवडाभरात शिकतील, याची मला खात्री आहे.

बियाण्याबद्दल राहीबाई पोपेरे यांचे काम आपण जाणता. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या महादेव कोळी समाजाच्या बाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांनी भाताचे, वालाचे, भाज्यांचे गावरान वाण जपले, बायफच्या मदतीने बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विद्यापीठे ज्याला जनुकीय ठेवा म्हणतात, तो त्यांनी मडक्यांत आणि राखेत सांभाळला होता. आमच्या डोंगरात नागलीचे, वरईचे, खुरासणीचे असे किती वाण अजून आजीबाईंच्या मडक्यांत आहेत, याची आपण मोजदादही केलेली नाही.

पण इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. केरळच्या अगस्त्य पर्वतात काणी नावाचे आदिवासी राहतात. १९८७ साली एका संशोधन पथकाने पाहिले की बरोबर चालणारे काणी वाटाडे एक फळ खातात आणि थकत नाहीत. त्यांनी ती 'आरोग्यपच्चा' वनस्पती दाखवली. तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाने तिच्यापासून 'जीवनी' हे औषध बनवले, १९९५ साली एका आयुर्वेदिक कंपनीला परवाना दिला, आणि मिळालेल्या रकमेतला निम्मा वाटा काणींना द्यायचे ठरवले. त्यासाठी १९९७ साली काणींचा विश्वस्त निधी झाला. आदिवासींच्या ज्ञानाची किंमत त्यांना मिळाली, म्हणून जगभर याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण पानांचा नियमित पुरवठा कसा होणार, हे पक्के बसले नाही. ही वनस्पती जंगलाच्या सावलीतच चांगली वाढते, आणि जंगलातून पाने काढायला वन खात्याची परवानगी मिळणे अवघड झाले. पुढे तो परवाना तसाच चालू राहिला नाही.

या गोष्टीतून मी दोन धडे घेतले. एक, ज्ञान देणाऱ्याचा वाटा कागदावर आधी लिहून घ्यावा. आता आपल्याकडे २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे आणि २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्यांचा उपयोग करून घ्यावा. दुसरा, वाटा कितीही न्याय्य असला तरी रोप, पुरवठा आणि संकलन यांची साखळी तुटली की वाट्याला शून्य येते. न्याय आणि व्यवस्था दोन्ही हव्यात.

माझी विनंती

आता प्रस्तावाकडे येतो. जमलेला निधी तोच. तो चार कामांना लावावा, असे माझे म्हणणे आहे.

पहिले काम रोपवाटिकेचे. तीन गावांत महिला बचत गटांच्या रोपवाटिका. खात्रीच्या मातृवृक्षांची नोंद, कलम बांधण्याचे प्रशिक्षण, सावलीची जाळी, पाण्याची टाकी. शेजारच्या गावांना कलमे विकून दुसऱ्या वर्षापासून या रोपवाटिकांना थोडे उत्पन्नही मिळेल.

दुसरे पाणी. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि फेब्रुवारीत विहिरी तळ दाखवतात. दमणगंगा, नार, पार या नद्या आमच्याच डोंगरात उगम पावतात आणि आमच्याच बायका दोन हंड्यांसाठी दरीत उतरतात. लावलेली कलमे पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत जगली तर जगली. फादर हर्मन बाकर या स्विस धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचे काम लोकांच्या श्रमदानावर उभे केले, आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था काढली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, समपातळी चरांपासून सुरुवात करायची, ही त्या कामाची रीत. ती आपणही धरू.

तिसरे संकलन केंद्र. याला इमारत फार लागत नाही. सिमेंटचे स्वच्छ खळे, छप्पर, खरा काटा, प्रतवारीचे टेबल आणि एक वही. बी वाळवून, निवडून, वजन करून ठेवली की भाव आपोआप वाढतो. व्यापारी आला तरी तो आमच्या काट्यावर माल घेईल.

चौथे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे, खेळते भांडवल. माल आला त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्या बाईच्या हातात पैसे. माझी शेड इथेच बुडाली. या रकमेचा हिशेब गटाने दर महिन्याला गावासमोर वाचून दाखवायचा.

आणि यंत्र? सध्या आपली बी दुसऱ्या चालू केंद्रात मजुरीवर फोडून घेऊ. सलग दोन हंगाम इतकी बी जमली की यंत्र निदान चार महिने सतत चालेल, तर तिसऱ्या वर्षी मी स्वतः इमारतीचा नकाशा घेऊन तुमच्याकडे येईन. पण तेव्हा ती इमारत संस्थेच्या नावावर असू नये. २००३ पासून आपल्या कायद्यात शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते, त्याला दहा उत्पादक पुरतात. त्या कंपनीचे भाग आमच्या वाडीधारकांच्या नावावर असावेत, आणि नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव भागावर असावे, कारण बी वेचते ती. आपण आधार द्यायचा आणि वेळ आली की हात काढून घ्यायचा. लहान मूल चालायला लागले की आई बोट सोडते, तसे.

मला माहीत आहे, काहींच्या मनात प्रश्न आहे. मागे एका हितचिंतक बाईंनी मला तो सरळ विचारला होता. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या मंडळीने पैसे गोळा केले. आम्ही त्यांना दाखवायचे काय? इमारतीचा फोटो असतो. खेळत्या भांडवलाचा फोटो कसा काढायचा?" प्रश्न रास्त आहे. गोरगरिबांनीसुद्धा दानपेटीत टाकलेले पैसे आहेत ते, आणि त्यांचा हिशेब दिसला पाहिजे. मी तुम्हाला वचन देतो की या पत्रिकेच्या दर अंकात चार आकडे छापू. किती कलमे बांधली, त्यातली उन्हाळ्याअखेर किती जगली, किती किलो बी काट्यावर आली, आणि किती कुटुंबांना त्याच दिवशी पैसे मिळाले. आकडा वाईट असला तरी छापू. माझ्या शेडचा आकडा आम्ही कधी छापला नाही, आणि म्हणून त्यातून कोणी काही शिकले नाही.

दुसरा प्रश्न असा येईल की याने स्थलांतर थांबेल का? लगेच नाही. आज लावलेल्या काजूला पैसे देण्याइतके पीक धरायला पाच-सहा वर्षे जातील. तोवर टोळ्या दिंडोरीला जातच राहतील, आणि जाण्यात कमीपणा काही नाही. ते कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. पण जाणे ही सक्ती असणे आणि जाणे हा निवडीचा प्रश्न असणे, यात फरक आहे. आधी एखादी आई मार्चमध्ये गावी राहू शकेल, कारण तिची बी गावातच विकली जाणार आहे. मग तिच्या मुलांची वार्षिक परीक्षा बुडणार नाही. माझ्या मते क्लस्टरचे पहिले पीक तेच असेल.

ही किल्ली मी आज अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो. ती शेड आपण झाडून काढू, गवत बाहेर काढू, खळे सिमेंटचे करू आणि तिथेच पहिले संकलन केंद्र सुरू करू. भिंती आहेतच, नव्या बांधायला नकोत. आणि ती मुकादम मुलगी या पावसाळ्यात कलमे बांधायला शिकवायला येणार आहे. मी तिला विचारले, तिने होकार दिला आहे. रोजंदारी मात्र तिने द्राक्षबागेइतकीच मागितली आहे. मी म्हटले, बरोबर आहे, तेवढी मिळालीच पाहिजे.

दुपारी मत देताना या सगळ्याचा विचार व्हावा, एवढीच नम्र विनंती.